कागदावरची बढती

सरकारी कचेरीत तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाचा निरोपसमारंभ हे दृश्य मराठी घरांना अपरिचित नाही. शाल, श्रीफळ, साहेबांचे चार गौरवाचे शब्द, आणि घरी परतताना हातात पुष्पगुच्छ. परंतु या दृश्याचा एक उत्तरार्धही आहे, आणि त्याची छायाचित्रे कोणी काढून ठेवीत नाही. काही महिन्यांनी तोच गृहस्थ बगलेत पुठ्ठ्याची फाईल घेऊन त्याच कचेरीच्या पायऱ्या चढू लागतो. बारा वर्षांच्या सेवेनंतर मिळावयाची वरची वेतनश्रेणी त्याला मिळालेली नसते, किंवा कनिष्ठास बढती मिळाली त्या वेळी याचे नाव यादीतून गळालेले असते. ओळखीचा शिपाई त्याला बसावयास खुर्ची देतो. कारकून म्हणतो, ‘टिपणी वर गेली आहे.’ अशा खेपांतून कंटाळून तो अखेर वकिलाकडे जातो. ज्या सरकारची चाकरी इमानाने केली त्याच सरकारला प्रतिवादी करावे लागावे, याचे त्याला मनातून वाईट वाटत असते. तरीही तो जातो. त्याला न्यायालयाचे दार कसे उघडे झाले, हा इतिहास ऐकण्याजोगा आहे.

निवृत्तिवेतन ही देणाऱ्याची मर्जी, घेणाऱ्याचा हक्क नव्हे, ही कल्पना आपल्याकडे खोल रुजलेली होती. तिचा पहिला मोठा चटका महाराष्ट्राला बसला तो पेशवाईच्या अस्तानंतर. १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली, तेव्हा कंपनी सरकारने त्याला वर्षाला आठ लाखांची नेमणूक करून ब्रह्मावर्तास पाठविले. १८५१ साली तो वारला आणि नेमणूक बंद झाली. दत्तकपुत्र नानासाहेबांनी अर्ज केले, अझीमुल्ला खानाला विलायतेस धाडले. उत्तर एकच आले, की ही नेमणूक व्यक्तीपुरती होती. पदच्युत राजाची नेमणूक आणि नोकराचे निवृत्तिवेतन या दोन वेगळ्या गोष्टी, हे खरे. परंतु १८७१ च्या निवृत्तिवेतन कायद्याने दोन्हींना एकाच पंक्तीला बसविले, आणि अशा देण्याबाबतचा दावा दिवाणी न्यायालयाने ऐकू नये असा सर्वसाधारण दंडक घातला. कलेक्टरचा दाखला मिळाला तरच वाट मोकळी. तक्रार सरकारविरुद्ध आणि तिला परवानगीही सरकारचीच, अशी ही व्यवस्था होती.

पगाराची गोष्टही फारशी निराळी नव्हती. राजाचा नोकर राजाच्या मर्जीपर्यंत नोकर, आणि त्याचे वेतन म्हणजे राजाची बक्षिसी. तेव्हा थकलेल्या पगारासाठी दावा लागत नाही, असा युक्तिवाद सरकारी वकील इंग्लंडातील जुन्या वचनांच्या आधारे करीत असत. तो मोडीत निघाला तो एका फौजदाराच्या खटल्यात. बिहारमधील अब्दुल मजीद या पोलीस उपनिरीक्षकाला १९४० साली बडतर्फ करण्यात आले. बडतर्फ करणारा अधिकारी हा त्याची नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याहून खालच्या दर्जाचा होता, आणि तेवढ्यावरच तो हुकूम बेकायदेशीर ठरत होता. मजीदने पाटण्यास दावा लावला. प्रकरण वरच्या न्यायालयात चालू असतानाच त्याला कामावर परत घेतले गेले. उरला तो मधल्या वर्षांच्या पगाराचा प्रश्न. तेवढ्या पगारासाठी सरकार थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ११ फेब्रुवारी १९५४ रोजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांच्या पीठाने निर्णय दिला, की केलेल्या सेवेचे वेतन हे देणे आहे, दान नव्हे, आणि त्यासाठी नोकर दावा करू शकतो. बडतर्फीचा हुकूम झाला तेव्हा देशावर इंग्रजांचे राज्य होते, आणि निकाल लागला तेव्हा प्रजासत्ताकाला चार वर्षे झाली होती.

पगारानंतर निवृत्तिवेतनाची पाळी आली ती १९७१ साली, आणि योगायोगाने तीही बिहारातूनच. शिक्षण खात्यातील देवकीनंदन प्रसाद यांचे निवृत्तिवेतन, ते दीर्घकाळ गैरहजर राहिल्याने नोकरीच संपली असे सांगून अडविण्यात आले होते. १८७१ चा कायदा पुढे करण्यात आला. न्यायालय म्हणाले, तो कायदा दिवाणी दाव्याच्या आड येत असेल. सरकारला आपले कर्तव्य बजावण्याचा आदेश देण्याच्या आड तो येत नाही. निवृत्तिवेतन हे कोणा अधिकाऱ्याच्या हुकुमातून उगवत नाही, ते सेवानियमांतून उगवते. हुकूम फक्त आकडा ठरवितो. म्हणून ती त्या नोकराची मालमत्ता आहे. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला, तरी कायद्याच्या आधाराशिवाय ती हिरावून घेता येत नाही हे तत्त्व राहिले, आणि २०१३ साली झारखंडच्या एका प्रकरणात निवृत्तिवेतनाला ते स्पष्टपणे लागू करण्यात आले.

या दोन निकालांनी जमीन तयार केली आणि तीवर १७ डिसेंबर १९८२ चा तो प्रसिद्ध निकाल उभा राहिला. केंद्र सरकारने १९७९ च्या मे महिन्यात निवृत्तिवेतनाचे नवे, अधिक उदार सूत्र जाहीर केले. पण ते ३१ मार्च १९७९ रोजी वा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच. आदल्या दिवशी निवृत्त झालेला जुन्या हिशेबात राहिला. संरक्षण खात्यात वित्तीय सल्लागार म्हणून १९७२ साली निवृत्त झालेले डी. एस. नाकारा न्यायालयात गेले. पाच न्यायमूर्तींच्या पीठावर सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड आणि न्यायमूर्ती तुळजापूरकर हे दोन महाराष्ट्रीय होते. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी. दोघेही म्हातारे, दोघांनाही महागाई सारखीच, मग केवळ कॅलेंडरावरच्या एका तारखेने त्यांच्यात भिंत का घालावी, असा त्यातील प्रश्न. भिंत पाडण्यात आली. त्या दिवसाची आठवण म्हणून देशभरातील निवृत्तांच्या संघटना १७ डिसेंबर हा निवृत्तिवेतनधारक दिन पाळीत आल्या आहेत. पेन्शनरांचे गाव म्हणून ज्याची थट्टा होत आली त्या पुण्यास हा दिवस कळला नसता तरच नवल!

येथवर प्रश्न होता मिळालेल्या हक्काचा. पण जे पद कधी मिळालेच नाही, जी पायरी चढावयाची राहून गेली, तिचे काय? येथून मार्ग बिकट होतो.

सरकारी खात्याची रचना पिरॅमिडसारखी असते. तळाशी शंभर कारकून, त्यांच्यावर दहा मुख्य लिपिक, त्यांच्यावर एक अधीक्षक. नव्वद जणांना वर जावयास जागाच नाही. त्यात ज्या पदाला वरचे पदच नाही, असा एकाकी तंत्रज्ञ किंवा ग्रंथपाल वेतनश्रेणीच्या टोकाला पोचला की तेथेच गोठतो. १९८८ च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयापुढे अशी काही प्रकरणे एकामागून एक आली. रघुनाथ प्रसाद सिंह हा बिहार पोलिसांच्या बिनतारी विभागातला नोकर, के. जी. एस. भट हा वैज्ञानिक संशोधन परिषदेतला अभियंता. बढतीची वाजवी संधी ही नोकराचे लाड म्हणून नव्हे, तर कारभाराच्या कार्यक्षमतेसाठी आवश्यक आहे, कुंठित नोकर कामाच्या उपयोगाचा राहत नाही, असा सूर त्या निकालांतून निघाला. टपाल खात्याने तर त्याआधीच, १९८३ साली, सोळा वर्षांच्या सेवेनंतर एक बढती देण्याची योजना आणली होती, आणि १९९१ पासून सव्वीस वर्षांनंतर दुसरीची सोय केली. बढती मिळे, पण काम बहुधा तेच राहत असे.

महाराष्ट्र शासनाने १९९५ साली कालबद्ध पदोन्नतीची योजना काढली. २००१ साली तिच्या जागी सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना आली. बारा वर्षे एकाच पदावर काढली की वरच्या पदाची वेतनश्रेणी, पद मात्र तेच. दुसऱ्या लाभाची, म्हणजे चोवीस वर्षांनंतरची, सोय २०१० साली झाली, आणि २०१९ च्या शासन निर्णयाने दहा, वीस व तीस वर्षे हे टप्पे ठरले. केंद्राने १९९९ मध्ये बारा व चोवीस वर्षांची योजना आणली होती. सहाव्या वेतन आयोगानंतर, १ सप्टेंबर २००८ पासून, तेथे दहा-वीस-तीस आले. या आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण हे मुंबई उच्च न्यायालयाच्या परंपरेतले. ‘आश्वासित प्रगती’ हे नाव मोठे बोलके आहे. आश्वासन द्यावे लागते ते जेथे प्रगती आपोआप होत नाही तेथेच.

आता एखाद्यास वाटेल की ठरलेल्या वर्षी ठरलेली श्रेणी मिळावयाची, यात तंटा कशाचा? तंटा असतो तो कागदांत. सेवापुस्तकात एक नोंद राहिली, विभागीय परीक्षा उशिरा उत्तीर्ण झाली, दोन वर्षांचे गोपनीय अहवाल गहाळ झाले, पडताळणी झाली नाही, की टप्पा पुढे ढकलला जातो. नोकरीत असताना माणूस साहेबाशी वाकडे नको म्हणून गप्प बसतो. निवृत्तीच्या दिवशी मात्र शेवटच्या वेतनावरच पुढच्या सगळ्या आयुष्याचा हिशेब मांडला जातो. उदाहरणादाखल, एका पायरीने मूळ वेतनात हजार रुपयांचा फरक पडत असेल, तर निवृत्तिवेतनात पाचशेचा पडतो. त्यावर महागाईभत्ता चढतो. तो फरक तो जगेल तोवर चालतो, आणि त्याच्या मागे विधवेच्या कुटुंबनिवृत्तिवेतनातही उतरतो. एका गहाळ अहवालाची किंमत दोन पिढ्या मोजतात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

गोपनीय अहवालाचीच एक कथा येथे सांगण्याजोगी आहे. सीमा रस्ते संघटनेतील देव दत्त या कार्यकारी अभियंत्याला अधीक्षक अभियंत्याचे पद हवे होते. अट अशी की पाच वर्षांचे शेरे ‘अतिउत्तम’ असावेत. चार वर्षांचे तसे होते. १९९३-९४ चा मात्र नुसता ‘चांगला’. चांगला हा शेरा वाईट नव्हे, म्हणून तो त्याला कळविण्याची गरज कोणाला वाटली नाही. आणि त्याच चांगलेपणाने त्याची बढती गेली. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की प्रत्येक शेरा, मग तो कोणताही असो, नोकराला कळविलाच पाहिजे, नाही तर त्याने दाद कशाविरुद्ध मागावी? देव दत्त तोवर निवृत्त झाला होता. न्यायालयाने शेरा कळवून त्याचे निवेदन ऐकण्यास सांगितले. शेरा सुधारला तर मागील तारखेने बढतीचा विचार करावा, आणि बढती मिळाल्यास वाढीव निवृत्तिवेतन व थकबाकी आठ टक्के व्याजासह द्यावी असा आदेश दिला.

मागील तारखेची बढती मिळाली, तरी मधल्या वर्षांचा पगार मिळतोच असे नाही. अंबरनाथ, खडकी, वरणगाव या गावांत ज्यांचे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते त्यांच्या घरी एका जुन्या परिपत्रकाची गोष्ट निघाली असेल. ६ नोव्हेंबर १९६२ चे ते परिपत्रक. चीनच्या आक्रमणाचे ते दिवस. पर्यवेक्षकाने दोन वर्षे समाधानकारक काम केले की त्यास चार्जमन करावे, असे त्यात म्हटले होते. थोड्याच वर्षांत धोरण बदलले आणि आधीचे पुढे गेले, मागचे राहिले. भांडण १९८१ साली सर्वोच्च न्यायालयात, १९८३ साली जबलपूरच्या उच्च न्यायालयात, आणि १९८९ साली पुन्हा सर्वोच्च न्यायालयात असे फिरले. जबलपूरचा मार्ग अखेर मान्य झाला: बढतीची तारीख मागची धरावी, आजचे वेतन त्यानुसार ठरवावे, परंतु ज्या काळात त्या पदाचे काम प्रत्यक्ष केले नाही त्याची थकबाकी नाही. सरकारी भाषेत यालाच काल्पनिक वेतननिश्चिती म्हणतात. कल्पनेतला पगार काही किराण्याच्या दुकानात चालत नाही, हे कारखान्यातल्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

दोनच वर्षांनी, १९९१ च्या ऑगस्टमध्ये, जानकीरामन यांच्या खटल्यात न्यायालयाने याला दुसरी बाजू जोडली. चौकशी प्रलंबित म्हणून ज्याच्या बढतीचा निर्णय मोहोरबंद पाकिटात ठेवला गेला आणि जो पुढे पूर्णपणे निर्दोष ठरला, त्याला ‘काम नाही तर दाम नाही’ हे सूत्र लावता येणार नाही. तो काम करावयास तयार होता, त्याला दूर ठेवले ते खात्यानेच. ही दोन तत्त्वे तेव्हापासून शेजारी शेजारी नांदत आहेत आणि प्रत्येक नवा अर्जदार आपले प्रकरण दुसऱ्यात बसविण्याची खटपट करीत असतो.

सगळ्यात मोठा अडसर मात्र काळाचा आहे. १९८५ साली केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण स्थापन झाले, महाराष्ट्राचे १९९१ साली. आणि कायद्याने दाद मागण्याची मुदत साधारण एक वर्ष ठेवली. वर्षानुवर्षे निवेदने पाठवीत राहिल्याने ही मुदत वाढत नाही, हे पुष्कळांना फार उशिरा कळते. पोच घेतलेल्या अर्जांचा गठ्ठा हा आपला भक्कम पुरावा आहे असे तो बिचारा समजत असतो. न्यायालयात तोच विलंबाचा पुरावा ठरतो. यातून वाट काढली ती रेल्वेतील एम. आर. गुप्ता यांच्या १९९५ च्या निकालाने. वेतन चुकीचे ठरले असेल तर चूक दर महिन्याला नव्याने घडते, म्हणून दावा मुदतबाह्य होत नाही. थकबाकी मात्र मुदतीपुरतीच. २००८ साली, १९८३ मध्ये सैन्यातून वैद्यकीय कारणाने मुक्त झालेल्या तरसेम सिंग यांच्या प्रकरणात ही रेषा अधिक ठळक झाली: निवृत्तिवेतन मिळेल, पण मागची थकबाकी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरती. आणि ज्येष्ठता वा बढतीची मागणी असेल, तिने दुसऱ्या कोणाची जागा हलत असेल, तर उशीर झालेल्याला दार बंद. कठोर वाटले तरी यात तथ्य आहे. वीस वर्षांनी एकाची ज्येष्ठता दुरुस्त करावयाची म्हणजे त्याच्या मागच्या शंभर जणांची यादी उसकटावयाची.

सरकारची बाजू सर्वस्वी पोकळ असते असेही नाही. केंद्राची नवी योजना १ सप्टेंबर २००८ पासून का, वेतनश्रेणी जर १ जानेवारी २००६ पासून सुधारल्या तर हा लाभही तेव्हापासून का नाही, असा प्रश्न मधल्या बत्तीस महिन्यांत निवृत्त झालेल्यांनी विचारला. सैन्यातील बलबीर सिंग तूर्न व इतरांना २०१७ च्या डिसेंबरमध्ये ‘होय’ असे उत्तर मिळाले. मुलकी नोकर मोठ्या आशेने पुढे आले. त्यांना २०२१ च्या एप्रिलमध्ये ‘नाही’ असे सांगण्यात आले, कारण जुन्या योजनेचा लाभ त्या काळात घेतलेल्या पुष्कळांना तारीख मागे नेल्याने उलट तोटाच होणार होता. वरची श्रेणी म्हणजे वरच्या पदाची, की वेतनश्रेणींच्या क्रमातील लगतची, या वादातही २०२० च्या मार्चमध्ये न्यायालयाने सरकारचा अर्थ उचलून धरला. वेतन ठरविणे हे आयोगाचे व सरकारचे काम, न्यायालयाने त्यात जपूनच हात घालावा, ही भूमिका समजण्यासारखी आहे. न समजण्यासारखे इतकेच, की त्याच प्रश्नावर देशातील निरनिराळ्या न्यायाधिकरणांनी निरनिराळी उत्तरे द्यावीत, आणि सत्तरीच्या माणसाने ती जमेपर्यंत थांबावे.

याहून जिव्हारी लागते ती वसुली. दिलेला लाभ चुकीचा होता असे वेतन पडताळणी पथकाला नेमके निवृत्तीच्या तोंडावर आढळते, आणि पंधरा-वीस वर्षांचा फरक उपदानातून कापून घेण्याचा हुकूम निघतो. १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाबच्या रफीक मसीह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कात्रीतून काहींना सोडविले: तृतीय व चतुर्थ श्रेणीचे नोकर, निवृत्त झालेले वा वर्षभरात होणारे, आणि ज्यांना पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम मिळत आली असे लोक, यांच्याकडून वसुली नको. नागपूर, औरंगाबाद, मुंबई येथील खंडपीठांपुढे निवृत्त शिक्षक आणि कारकून या निकालाचे नाव आता एखाद्या स्तोत्रासारखे घेतात.

तारखांचा खेळ मात्र अद्याप संपलेला नाही. सहाव्या आयोगानंतर केंद्रात वार्षिक वेतनवाढीची तारीख सर्वांसाठी १ जुलै ठरली. त्यामुळे जो ३० जूनला निवृत्त होतो त्याने पूर्ण वर्ष काम करूनही वेतनवाढ एका रात्रीने चुकते. मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ साली पी. अय्यमपेरुमल यांना ती काल्पनिक स्वरूपात दिली. ११ एप्रिल २०२३ रोजी कर्नाटक वीज मंडळाच्या नोकरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच तत्त्व मान्य केले, की वाढ मिळते ती झालेल्या वर्षाच्या कामाबद्दल. मग हजारो अर्ज आले. २० फेब्रुवारी २०२५ च्या आदेशाने ठरले, की जे स्वतः न्यायालयात आले नव्हते त्यांना वाढीव निवृत्तिवेतन १ मे २०२३ पासून मिळेल, त्यापूर्वीच्या काळाचे नाही. ज्यांनी आधी दावा लावला होता आणि निकाल आपल्या बाजूने अंतिम करून घेतला होता, ते यातून सुटले. उरलेल्यांनी आपल्या कचेरीत पुन्हा एक अर्ज द्यावयाचा आहे. सोबत निवृत्तीचा आदेश आणि शेवटच्या वेतनाचा दाखला जोडून.